कुर्लीचं रक्त, माकुलाची तीन हृदयं आणि वाशिष्ठीतली मगर

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळचा लिलाव आटोपला की जेटीवरून वाहणारं पाणी लालसर असतं. बांगडा, सुरमई, मुशी, पाकट यांच्या टोपल्यांतून आणि मासे कापणाऱ्या बायकांच्या पाटांवरून ते येतं. पण त्याच जेटीवर कोळंबीचे ढीग असतात, नांग्या बांधलेल्या कुर्ल्या असतात, माकुलांचे क्रेट असतात, आणि त्यांच्याखाली लाल थेंब शोधून सापडत नाही. कुर्लीची नांगी मोडली तर आतून पाण्यासारखा, किंचित निळसर द्रव येतो. माकूल चिरलं तर शाई सांडते. तिसऱ्या उघडताना भांड्यात जमणारं पाणीही स्वच्छच. त्यामुळे या जिवांना रक्तच नसतं अशी पुष्कळांची समजूत झालेली असते.

रक्त असतं आणि हृदयही असतं. कुर्लीला, कोळंबीला, माकुलाला, इतकंच काय दोन शिंपांच्या आत गप्प पडून राहणाऱ्या तिसरीलाही धडधडणारं हृदय आहे. किंबहुना रक्त फिरवण्याच्या जितक्या तऱ्हा प्राणिसृष्टीत आहेत, त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात भेटतात. भगवती किल्ल्याखालच्या खडकांत हृदयाशिवाय जगणारे प्राणी आहेत, काळबादेवीच्या खाडीत शिंपले आहेत, पावसाळ्यात सड्यावर बेडूक आहेत, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत.

शाळेत हा विषय आपण यादीनं शिकलो. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, सरपटणाऱ्यांच्या तीन पण मगरीच्या चार, पक्ष्यांच्या आणि सस्तनांच्या चार. यादी बरोबर आहे. पण ती ज्या क्रमानं पाठ होते त्यातून मुलांच्या मनात एक जिना उभा राहतो. खाली अर्धवट प्राणी, वर पूर्ण झालेले, आणि शेवटच्या पायरीवर माणूस. हा जिना मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक जिवाचं रक्ताभिसरण त्याच्या जगण्याच्या गरजांना दिलेलं उत्तर असतं. तो किती जाड आहे, किती वेगानं धावतो, श्वास कुठून घेतो, किती वेळ श्वासाविना काढतो, यावर ते उत्तर ठरतं. तीन कप्प्यांचं हृदय हे चार कप्प्यांच्या वाटेवर थांबलेलं हृदय नव्हे.

मुळात रक्त लागतं कशाला, इथून सुरुवात करू. सुकतीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं दिसतात. बोट लावलं की मिटणारी, फुलासारखी दिसणारी ही जिवंत जनावरं. त्यांना हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिनी नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येऊन पडणाऱ्या जेलीफिशलाही यांतलं काही नाही. तरी ती वीतभर, कधी हातभर रुंद होते. हे जमतं कसं, तर तिच्या जाडीतला बहुतेक भाग जवळपास निर्जीव असतो. तो नुसता पाणीदार गर असतो. जिवंत पेशींचे पातळ थर तेवढे बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागावर पसरलेले असतात. त्यातली प्रत्येक पेशी पाण्याला जवळजवळ चिकटून असते. प्राणवायू थेट पाण्यातून पेशीत शिरतो. पोटातून फुटलेल्या बारीक नळ्या अन्न कडेपर्यंत नेतात आणि त्या नळ्यांतलं पाणी सूक्ष्म केसांच्या हालचालीनं फिरत राहतं.

ही युक्ती जाड, भरीव अंगाच्या प्राण्याला का चालत नाही, हे साध्या गणितातून कळतं. प्राणवायूचा रेणू पाण्यात स्वतःच्या भरकटण्यानं पुढे सरकतो. एक मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला त्याला सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. एक मिलिमीटर जायला साधारण चार मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला सातेक तास. आणि एक मीटर? सुमारे आठ वर्षं. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. म्हणजे फुप्फुसातला प्राणवायू नुसता पसरत पसरत पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचा म्हटला तर माणूस जगूच शकणार नाही. एखाद्या मिलिमीटरपेक्षा जाड, सगळीकडे जिवंत पेशींनी भरलेलं शरीर हवं असेल तर आतला द्रव हलवावाच लागतो. हृदय ही त्या गरजेतून आलेली सोय आहे. तारामाशानं या कामात समुद्राच्याच पाण्याची मदत घेतली आहे. त्याच्या अंगातल्या नळ्यांचं एक जाळं समुद्राच्या पाण्यासारख्या द्रवानं भरलेलं असतं आणि त्याच पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो बारीक पाय चालतात.

आता कुर्ली आणि कोळंबी. यांच्या व्यवस्थेला खुलं रक्ताभिसरण म्हणतात, आणि रत्नागिरीतल्या बागायतदाराला ते पुस्तकाशिवाय समजेल. नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीचं पाणी पाटानं सोडतात. पाट झाडाच्या आळ्यापर्यंत असतो, पुढे नळी-बिळी काही नाही. पाणी आळ्यात मोकळं पसरतं, मुळं त्यातच बुडतात आणि हवं ते शोषून घेतात. कुर्लीच्या हृदयातून धमन्या निघतात, फांद्या फुटत फुटत बारीक होतात आणि मग उघड्यावर संपतात. रक्त थेट स्नायूंच्या, यकृताच्या, अंडकोषाच्या भोवती पसरतं. पेशी रक्तात न्हालेल्या असतात. फरक एवढाच की कुर्लीत हे पसरलेलं रक्त मुरून जात नाही. ते अंगातल्या उतारांनी खाली गोळा होतं, कल्ल्यांतून जातं, तिथं प्राणवायू घेतं आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत येतं. हृदय सैल पडलं की त्याच्या भिंतीतली भोकं उघडतात, पिशवीतलं रक्त आत ओढलं जातं. हृदय आवळलं की भोकं झडपांनी मिटतात आणि रक्त धमन्यांत जातं.

हे हृदय बघायचं असेल तर कोळंबी सोलताना आपण जो भाग फेकून देतो त्यात बघावं लागतं. डोक्याच्या टोपणाखाली, अगदी मागच्या बाजूला, पाठीलगत ते असतं. पाठीवरून काळा दोरा काढतात, त्याला कितीतरी जण शीर समजतात. तो दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. त्यातला काळेपणा तिनं खाल्लेल्या गाळाचा. खरी धमनी त्याच्या जवळूनच जाते, पण ती इतकी पातळ आणि रंगहीन असते की सुरीच्या टोकाला कळतही नाही.

जिवंत कोळंबीत मात्र हृदय बाहेरून दिसू शकतं आणि वैद्यकाच्या इतिहासात या गोष्टीला मान आहे. लंडनच्या विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. रक्त यकृतात सतत नवं तयार होतं आणि अंगात खर्च होऊन जातं, ही युरोपात दीड हजार वर्षं चालत आलेली समजूत त्यानं मोडली. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं, असं त्यानं मोजमाप करून दाखवलं. त्यासाठी त्यानं कुत्रे आणि डुकरं तर तपासलीच, पण साप, बेडूक, मासे, गोगलगायी, खेकडे यांचीही हृदयं तपासली. गरम रक्ताच्या जनावराचं हृदय इतक्या झपाट्यानं चालतं की डोळ्याला त्याचे टप्पे कळत नाहीत. थंड रक्ताच्या प्राण्यात तेच सावकाश चालतं आणि प्रत्येक हालचाल सुटी दिसते. थेम्स नदीत मिळणाऱ्या एका पारदर्शक कोळंबीचा त्यानं मुद्दाम उल्लेख केला आहे. तिला पाण्यात ठेवून, कुठलीही कापाकापी न करता, तिचं हृदय चालताना तो मित्रांना दाखवत असे. माणसाच्या हृदयाचं कोडं सुटलं त्यात कोळंबीचा वाटा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

कुर्लीच्या हृदयात आणखी एक वेगळेपण आहे. आपलं हृदय स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर ठोके देतं. मेंदूशी असलेल्या नसा तोडल्या तरी ते चालू राहतं. कुर्लीच्या हृदयाला मात्र हुकूम लागतो. हृदयाच्या आतच नऊ चेतापेशींची एक चिमुकली गाठ असते आणि ठोका तिच्याकडून येतो. ती गाठ काढली की हृदय थांबतं. नऊच पेशींत एवढं काम होतं म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ही गाठ अभ्यासाला घेतली. ताल कसा जन्मतो, हे समजायला यापेक्षा आटोपशीर यंत्रणा मिळणं कठीण.

खुल्या व्यवस्थेत रक्त खूप लागतं. कुर्लीच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा नुसतं रक्त असू शकतं, आपल्यात हे प्रमाण सात-आठ टक्के. दाब कमी, वेग कमी. मग नांगी तुटली की सगळं रक्त वाहून कुर्ली मरत का नाही? कारण तिचा पाय वाटेल तिथून तुटत नाही. पायाच्या बुडाशी एक ठरलेली जागा असते, संकटात कुर्ली स्वतःच तिथून पाय सोडून देते आणि त्या जागी आतून असलेला पडदा लगेच तोंड बंद करतो. पुढच्या कातींबरोबर पाय पुन्हा फुटतो. बाजारात एक नांगी मोठी आणि एक अगदीच लहान अशी कुर्ली दिसते, ती याच इतिहासाची.

कात टाकतानाही रक्तच उपयोगी पडतं. कठीण कवचातून नांगीचा जाड स्नायू अरुंद सांध्यातून बाहेर ओढायचा असतो, म्हणून आधी तो स्नायू रोडावतो आणि रक्त आत ओढून घेतलं जातं. बाहेर आल्यावर कुर्ली भरपूर पाणी शोषते, रक्ताचं आकारमान वाढतं आणि त्याच्या दाबानं मऊ कवच ताणून मोठं होतं. मग ते घट्ट होतं. या दिवसांत पकडलेली कुर्ली हाताला हलकी लागते, शिजवली की आत पाणीच निघतं. गिऱ्हाईक कोळणीला विचारतं, ‘भरलेली आहे ना गं?’ त्या प्रश्नाच्या मुळाशी कुर्लीचं रक्ताभिसरण आहे. पोकळ कुर्लीतलं ते पाणी म्हणजे बरंचसं तिचं रक्त.

रंगाचं कारण धातूत आहे. आपल्या रक्तात प्राणवायू धरायला हिमोग्लोबिन असतं, त्यात लोह. कुर्ली, कोळंबी, माकूल यांच्या रक्तात हिमोसायनिन असतं, त्यात तांबं. प्राणवायू नसताना ते रंगहीन दिसतं, प्राणवायू लागला की निळसर होतं. मोडलेल्या नांगीतला द्रव हवेत थोडा वेळ राहिला की निळी झाक येते ती यामुळे. झुरळाच्या रक्तात यांतलं काहीच नसतं, कारण कीटकांनी प्राणवायूचं काम रक्ताकडे दिलेलंच नाही. अंगावरच्या भोकांतून हवेच्या नळ्या थेट पेशीपर्यंत जातात. रक्त अन्न, संप्रेरकं आणि कचरा तेवढा वाहतं. डास मारल्यावर तळहातावर येणारं लाल रक्त डासाचं नसून आपलंच असतं. याउलट अंगणातल्या गांडुळाचं रक्त लाल आहे, बंद नळ्यांतून फिरतं, आणि त्याच्या हिमोग्लोबिनला तांबड्या पेशी लागत नाहीत, ते रक्तद्रवात विरघळलेलंच असतं. जिन्याच्या यादीत गांडूळ कुर्लीच्या खाली येतं, पण बंद नळ्या गांडुळाकडे आहेत आणि उघडी आळी कुर्लीकडे.

काळबादेवी, भाट्ये या खाड्यांत सुकती लागली की बायका तिसऱ्या आणि मुळे वेचायला चिखलात उतरतात. त्या प्रत्येक शिंपल्यात रक्त आत घेणारी दोन आलिंदं आणि ते पुढे ढकलणारा एक निलय असलेलं हृदय असतं. आणि तिसरीसारख्या बहुतेक शिंपल्यांत त्या निलयाच्या मधोमध आतडं जातं! हृदय आतड्याभोवती गुंडाळलेलं असतं. भरतीला शिंपा उघडा, पाणी गाळणं चालू, तेव्हा हृदय नियमित चालतं. सुकतीला शिंपा मिटला की ते मंदावतं. आत प्राणवायू संपत येतो, शिंपला प्राणवायूशिवाय ऊर्जा काढायला लागतो आणि पाणी परत येईपर्यंत कमीत कमी खर्चात राहतो. अशा जिवाला वेगवान रक्ताची गरजच काय? त्याच्या शरीरात रक्ताला सावकाश फिरायची मुभा आहे आणि तीच त्याला सोयीची आहे.

तिसरीचं भावंड माकूल मात्र वेगळ्या वाटेनं गेलं. दोघंही मृदुकाय, पण माकूल शिकारी. बांगड्याच्या, तारलीच्या थव्यामागे झेपावणारं, पाण्याचा फवारा मागे सोडून उलटं उसळणारं. आळ्यात पाणी सोडून हा वेग येत नाही. माकुलाच्या वंशानं कवच आत घेतलं किंवा टाकलं आणि रक्त बंद नळ्यांत घातलं. धमन्या, केशवाहिन्या, नीला, सगळं आलं. तरी दोन अडचणी राहिल्या. एक तर हिमोसायनिन रक्तात नुसतं विरघळलेलं असतं, जास्त घातलं तर रक्त घट्ट होतं. त्यामुळे माकुलाचं रक्त माणसाच्या रक्ताच्या साधारण पाचवा हिस्साच प्राणवायू वाहू शकतं. दुसरं, कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून हे रक्त ढकलण्यातच जोर खर्च होतो. म्हणून त्याला तीन हृदयं आहेत. दोन कल्ल्यांच्या बुडाशी एकेक, ती फक्त रक्त कल्ल्यांतून पार करतात. तिसरं मधलं, ते ताजं झालेलं रक्त पूर्ण दाबानं अंगभर पाठवतं. त्याच्या नातलगात, आठ पायांच्या ऑक्टोपसमध्ये, पोहताना हे मधलं हृदय थांबतं. ऑक्टोपस शक्यतो पोहण्यापेक्षा तळावरून सरकत चालणं का पसंत करतो, त्यामागे हेही कारण असावं असं अभ्यासक मानतात.

बांगड्याकडे एकच हृदय. ते कल्ल्यांच्या मागे, गळ्याखाली असतं आणि त्यात फक्त वापरलेलं, प्राणवायू गमावलेलं रक्त येतं. तिथून कल्ल्यांत, कल्ल्यांतून सरळ अंगात, अंगातून परत. एका फेरीत सगळं. कल्ल्यांतून जाताना दाबाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो आणि पुढच्या प्रवासाला उरलेलाच दाब मिळतो. पण पाणी अंगाचं वजन पेलून धरतं, रक्त उंच चढवायचं नसतं, त्यामुळे एवढ्यावर भागतं. कुपा म्हणजे टुना तर याच दोन कप्प्यांच्या हृदयावर समुद्रातल्या सर्वांत वेगवान माशांत गणला जातो. त्याच्या पोहण्याच्या लाल स्नायूंत जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात, परतणारं गरम रक्त येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं आणि स्नायू समुद्रापेक्षा गरम राहतात. दोन कप्प्यांना कुणी कमी समजू नये, ते या माशाकडे पाहून.

खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. हा मासाच, हृदय दोन कप्प्यांचं, पण दिवसाचा मोठा भाग पाण्याबाहेर. त्याची ओली कातडी आणि तोंडाचं अस्तर यांत केशवाहिन्या इतक्या वर आलेल्या असतात की हवेतला प्राणवायू तिथूनच रक्तात जातो. हृदय न बदलता नुसत्या नळ्यांची जागा बदलून त्यानं काम साधलं.

फुप्फुस आलं की प्रश्न बदलतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अतिशय पातळ हवा, आणि पातळ पडद्याला जास्त दाब सोसत नाही. अंगाला मात्र जास्त दाब हवा, विशेषतः धावणाऱ्या, उभ्यानं चालणाऱ्या, अंग गरम ठेवणाऱ्या प्राण्याला. आपल्या हातावर दाब मोजला तर १२०/८० च्या आसपास येतो. फुप्फुसाच्या धमनीत तोच साधारण २५/१० असतो. हे दोन दाब एकाच वेळी राखायचे तर दोन वेगळे निलय हवेत आणि त्यांच्यामध्ये अखंड भिंत हवी. चार कप्प्यांचं खरं कारण हे आहे. पण जो प्राणी सतत फुप्फुसानं श्वास घेतच नाही, त्याला ही भिंत अडचण ठरते.

पावसाळ्यात रत्नागिरीच्या सड्यावर, कातळातल्या डबक्यांभोवती बेडकांचा गलका चालू असतो. बेडकाच्या हृदयात दोन आलिंदं आणि एकच निलय, म्हणून चांगलं-वाईट रक्त एकत्र होतं, असं शिकवतात. पण बेडूक फुप्फुसाइतकाच कातडीनं श्वास घेतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीची एक फांदी कातडीकडे जाते आणि कातडीतून परतणारं ताजं रक्त अंगातल्या रक्ताबरोबर उजव्या बाजूला येतं. म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना प्राणवायू आहेच. पाण्याखाली गेला की फुप्फुस निकामी, सगळी भिस्त कातडीवर. अशा वेळी निलयात भिंत असती तर रक्त बंद पडलेल्या फुप्फुसातून फिरवत बसावं लागलं असतं. हार्वेला न दिसलेला दुवाही बेडकातच सापडला. धमन्यांतलं रक्त नीलांत कसं पोचतं, हे हार्वेला दाखवता आलं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झालं.

मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले, गुहागर इथं ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं वेळासला २००२ पासून त्यांची घरटी राखली. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं गेलं. कासवाच्या निलयात स्नायूचा एक कंगोरा असतो, तो कप्पे अर्धवट वेगळे करतो. वर श्वास घेताना फुप्फुसाकडे भरपूर रक्त जातं. बुडी मारली की फुप्फुसाच्या वाटेवरची धमनी आवळते आणि रक्त त्याला वळसा घालून अंगातच फिरतं. श्वास रोखलेल्या फुप्फुसात रक्त ढकलण्याचे श्रम वाचतात.

मगर या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते. वाशिष्ठी आणि तिला मिळणारी शिव नदी या दोन्हीत मगरींची वस्ती आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री चिपळूणच्या रस्त्यावर चालणारी मगर चित्रफितीतून देशभर दिसली. तिच्या हृदयाला पुरे चार कप्पे आहेत, मधली भिंत अखंड, आपल्यासारखी. पण पुढची नळजोडणी आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्या उजव्या निलयातून फक्त फुप्फुसाची धमनी निघते. मगरीत तिथून आणखी एक महाधमनी निघते, डावी, जी अंगाकडे जाते. शिवाय ही डावी आणि डाव्या निलयातून येणारी उजवी महाधमनी यांच्या बुडाशी एक छिद्र आहे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ पानिझ्झा यानं १८३३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते पानिझ्झाचं छिद्र. आणि फुप्फुसाच्या वाटेवर दातेरी चाकासारख्या उंचवट्यांची एक झडप आहे. मगर ती स्वतःच्या शरीराच्या गरजेनं आवळू शकते.

झडप उघडी असते तेव्हा रक्त आपल्यासारखंच फिरतं. झडप आवळली की उजव्या निलयातलं, प्राणवायू गमावलेलं आणि कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं रक्त फुप्फुसाकडे न जाता डाव्या महाधमनीतून अंगात जातं. याचा उपयोग पाण्याखाली दीर्घकाळ निश्चल पडून राहण्यासाठी होत असेल, हे लगेच सुचतं. पण ही डावी महाधमनी मोठ्या प्रमाणात पोटाकडे जाते. मगरीच्या नातलगांवर, अमेरिकी ॲलिगेटरांवर, झालेल्या प्रयोगांतून असं पुढे आलं की जेवणानंतर हे कार्बन डायऑक्साइडचं रक्त जठरात आम्ल तयार करायला कच्चा माल पुरवतं. मगर हाडांसकट सगळं गिळते. पोटात ते कुजायच्या आत विरघळलं पाहिजे आणि त्यासाठी तीव्र आम्ल हवं. अंगाला नको असलेला वायू पोटाला देणारी ही जोडणी आहे. मगरींचे पूर्वज अधिक धावरे, कदाचित गरम रक्ताचे होते, त्यांच्याकडून चार कप्पे आले आणि पाण्यात दबा धरून बसण्याच्या आयुष्यात वळणाची वाट पुन्हा उघडली, असाही एक विचार शास्त्रज्ञ मांडतात. तसं असेल तर जिन्याचा प्रश्नच मिटतो. चौथ्या पायरीवर पोचलेलं हृदय गरजेप्रमाणे वेगळ्या वाटेला लागलं.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं. वनखातं, गावकरी, पर्यटक यांनी त्याला पाण्यात नेण्याचे प्रयत्न केले, ते वाचलं नाही. देवमासा सस्तन, त्याला चार कप्प्यांचं हृदय आणि वळणवाट नाही. तरी तो कितीतरी वेळ बुडून राहतो. तो ठोकेच कमी करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर चिकटणारं यंत्र लावून पहिल्यांदा त्याचे ठोके नोंदवले, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. खोल बुडीत मिनिटाला बहुतेक वेळा चार ते आठ, एखाद्या वेळी दोनच. वर येऊन श्वास घेताना ३७ पर्यंत. त्याची महाधमनी लवचीक असते. ती ठोक्यासरशी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या लांब वेळात हळूहळू आकसत रक्त पुढे ढकलत राहते.

आणि आपण? आईच्या पोटात असताना आपलं हृदयही वळणवाटेवरच चालत होतं. गर्भाच्या फुप्फुसात हवा नसते, प्राणवायू वारेतून नाळेवाटे येतो. मग रक्त फुप्फुसात पाठवून उपयोग काय? म्हणून दोन आलिंदांमधल्या भिंतीत एक छिद्र असतं, त्यातून उजवीकडचं रक्त थेट डावीकडे जातं. जे उजव्या निलयात उतरतं त्याचाही बहुतेक भाग एका छोट्या नळीनं फुप्फुसाची धमनी सोडून महाधमनीत जातो. बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, तिथला रोध एकदम कमी होतो आणि डाव्या बाजूचा दाब वाढून छिद्रावरची झापड मिटते. नळी पुढच्या दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. ती उघडी राहिली तर बालरोगतज्ज्ञाला छातीवर यंत्र ठेवल्यावर खरखर ऐकू येते आणि औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं ती बंद करतात. झापड मात्र साधारण चौघांतल्या एकात कायमची चिकटत नाही, नुसती मिटून राहते. त्यांतल्या बहुतेकांना ते जन्मभर कळत नाही आणि त्यानं काही बिघडतही नाही.